पर्णाकृतींचा वेगळा खण

सरांनी पाहुण्यांसमोर माझा ट्रे उचलला आणि टेबलावर उपडा केला. प्लास्टरचे ठसे एकमेकांवर आपटले. दोन फुटले.

"कोणी लावले हे असे?"

त्यांना माहीत होतं.

"मी, सर."

तालुक्याच्या कॉलेजात मी भूविज्ञान शिकवायचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नव्याने हात जोडायचे. सर विभागप्रमुख. संस्था त्यांच्या काकांची, कॉलेजखालची जमीनही घरचीच. मी पिंपळगाव राजाची, बौद्ध वस्तीतली. माझी आई अशाच कोणाकोणाच्या वावरात तण निंदायला जाते.

त्या दिवशी पुण्याहून दोन प्राध्यापक प्रयोगशाळा बघायला आले होते. शेवटच्या वर्षाची पोरं भिंतीला लागून उभी होती. ट्रेमध्ये होते फार जुन्या समुद्रतळावरच्या जिवांचे ठसे. नेच्याच्या पानासारखे दिसतात, म्हणून नाव पर्णाकृती, पण पानं नव्हेत. तोंड नाही, पोट नाही. बुडाशी गोल चकती, तिच्यावर चिखलात उभे. आमच्या जुन्या पुस्तकात त्यांना समुद्रलेखणीच्या वर्गात घातलंय. समुद्रलेखणी आजही जिवंत आहे, पिसासारखी दिसते. दिसायला सारखे, म्हणून एकत्र. पण तिला नवी फांदी बुडाशी फुटते, या जिवांना शेंड्याशी. आता अभ्यासक त्यांना तिच्यातून बाहेर काढतात. मीही काढले. वेगळा खण केला, वर चिठ्ठी लावली.

एका पाहुण्याने विचारलं, वेगळे का? मी घाईत बोलून गेले.

"समुद्रलेखणी बुडातून वाढते सर, अन् याले शेंड्यातून फुटते. म्हणून याले तिच्यात नाही टाकता येत."

याले. सर हसले.

"ऐकलंत? ट्रेमधलं सोडा, खरं जीवाश्म इथे उभं आहे."

पाहुणे गालात हसले. मग सर पोरांकडे वळले.

"वर्गीकरण मॅडमना काय कळणार? त्यांना एकच वर्ग माहीत. आरक्षित."

सगळी पोरं हसली. त्यांत माझ्याच वस्तीतली एक पोरगी होती. तीही हसली. हसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"उचला. सगळे समुद्रलेखणीत टाका," सर म्हणाले.

मी फरशीवर बसले. एक तुकडा पाहुण्याच्या बुटापाशी गेला होता. त्यांनी बूट बाजूला घेतला. वाकले नाहीत. मी सगळे ठसे समुद्रलेखणीच्या खणात टाकले. माझ्या हाताने. "हो सर" म्हणत.

पुण्यात शिकताना मी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ सोडून बोलायचे. मला. त्याला. याला. जीभ सोलून काढली मी. आईशी फोनवरही तसंच बोलायला लागले. एकदा ती म्हणाली, "कोणाशी बोलून राह्यली तू?" मी हसण्यावारी नेलं. आणि इतकं सोलून एका शब्दात सगळं उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. वर्गात जाऊन सांगायचं, मॅडम चुकल्या. शुद्ध मराठीत सांगायचं. ते दारात उभे राहून ऐकणार होते. पुढच्या वर्षीचे तास त्यावर होते.

मी फळ्यावर एक पर्णाकृती काढली. 'मी चुकले' हे दोन शब्द घशापर्यंत आलेही होते. ते बाहेर आले नाहीत.

"हे शेंड्यातून वाढते," मी म्हणाले. "म्हणून हे समुद्रलेखणी नाही. काल म्या तिच्यात टाकलं, ते भेऊन टाकलं. सर मले काय बोलले, तुमी सगळ्यायनं ऐकलं. तुमी हासले. मी चुकली नाही."

सर आत आले, माझ्या हातातून खडू काढून घेतला.

"उद्यापासून येऊ नका."

मी हात जोडले नाहीत.

मी लेखी तक्रार दिली. सरांचे शब्द जसेच्या तसे. साक्ष कोणी देईना. त्या पोरीला रस्त्यात गाठलं. ती म्हणाली, "मॅडम, माह्यं वर्ष जाईन. मले नका टाकू यात." तिचं चूक नव्हतं. तरी मला तिचा राग आला, आणि अजून गेलेला नाही.

मग संस्थेचा माणूस आमच्या घरी आला. बाज टाकली, बसला नाही. मोटरसायकलीला टेकून आईला समजावत राहिला, पोरीचं आयुष्य आहे, तक्रार मागे घ्यायला सांगा, जूनपासून तास मिळतील.

"मले काऊन सांगता?" आई म्हणाली. "तोंड तिचं हाय. तिले विचारा."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाही घेत," मी म्हणाले.

चौकशी समिती बसली. तिघेही सरांना नावाने हाक मारणारे. त्यांनी मला विचारलं, तो विनोद असू शकेल का? मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. आजूबाजूच्या कॉलेजांत माझं नाव पोहोचलंय, कोणी बोलावत नाही. सर शिकवतात. पोरं अजूनही समुद्रलेखणीच पाठ करतात.

पुढची सुनावणी आहे. मी जाणार. साक्षीला कोणी नसेल तर एकटी जाणार. विनोद होता का, हे ते परत विचारतील. तेव्हा सरांचं वाक्य मी त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणणार, सरांच्याच आवाजात, 'आरक्षित'वर सरांनी दिला तेवढाच जोर देऊन. आणि सांगणार, आता हासा. माह्या तोंडाकडे पाहून हासा.