आचाऱ्याचा राखून ठेवलेला निकाल

फोन आला तेव्हा मी नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या गल्लीत लाटणं निवडत उभा होतो. हलकं हवं होतं. दुकानदार एकेक काढून देत होता, मी हातावर तोलून परत करत होतो आणि मागून एक हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ करत माझ्या टाचांपर्यंत येऊन ठेपला होता. फोनवर माझी पुतणी होती, मुक्ता. “काका, या,” एवढंच म्हणाली. मला काही विचारावं लागलं नाही. ज्या बाईसाठी लाटणं घेत होतो ती आता पोळी लाटणार नव्हती. तरी मी ते बांधून द्यायला सांगितलं. काहून घेतलं, असं नंतर बायकोने विचारलं. त्याचं उत्तर आता देता येईल.

शालूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. लकडगंजातल्या आमच्या घरात खाली वहिनी आणि वर मी आणि माझी बायको रेखा. वहिनी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांनी जो उद्योग धरला तो सांगितला की ओळखीचे लोक आधी हसायचे. सिनेमातल्या पात्रांच्या बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या मूर्ती, फिगर, मिळतात, शौकीन मंडळी त्या जमवतात. वहिनी त्यांचं परीक्षण करायच्या, मोबाइलवर व्हिडिओ करून. तेही एकाच सिनेमा-मालिकेतल्या. एक खटारा मालवाहू यान अवकाशात भटकत असतं आणि त्यावरची टोळी दर सिनेमात नव्या लफड्यात सापडते, असे ते सिनेमे. परदेशी नावं आमच्या तोंडात बसली नाहीत म्हणून वहिनींनी सगळ्यांना घरची नावं ठेवली. कप्तान, टिनपाट नावाचा रोबो, हिरव्या कातडीची वैमानिक ती हिरवी, आणि आचारी. सगळे मिळून ‘पोट्टे’. तीस-पस्तीस वर्षं पोट्टे सांभाळलेल्या बाईला दुसरा शब्द सुचला नसावा.

सुरुवात मुक्तामुळे झाली. ती नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिचं हे सैन्य कपाटात मागे राहिलं. वहिनी एकदा ते पुसायला जेवणाच्या टेबलावर घेऊन बसल्या. कणीक मळलेली होती म्हणून तिथेच एका टोकाला पोळ्या लाटायला घेतल्या, टेबल हादरलं, तर दुसऱ्या टोकाला कप्तान ताठ उभा आणि टिनपाट मात्र पहिल्याच फटक्यात आडवा. संध्याकाळी फोनवर त्यांनी मुक्ताला तक्रार केली, “तुझ्या टिनपाटाच्या पायात काही दम नाही वं. अर्धी पोळी होत नाही तर लोळला.” मुक्ता हसून हसून बेजार झाली आणि म्हणाली, आई, याचाच व्हिडिओ कर. फोन धरायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. पडद्यावर फक्त वहिनींचे हात दिसायचे, पिठाचे, एकेका बांगडीचे, आणि मागून प्रश्न विचारणारा माझा घोगरा आवाज.

बाकीचे परीक्षक रंग बघतात, सांधे बघतात, चेहरा पडद्यावरच्या माणसासारखा उतरला की नाही ते बघतात. वहिनीही बघायच्या, भिंग लावून बघायच्या, आणि शाळेत वह्या तपासल्यासारख्या बोलायच्या. “भुवई उचलली ते ठीक, पण डाव्या बुटाचा रंग पायजम्यावर गेला. घाईत लिहिलेला पेपर हाय हा.” पण शेवटची परीक्षा पोळीची. दादाने लकडगंजातल्याच एका आरागिरणीतून सागवान आणून ते टेबल करवून घेतलं होतं, भक्कम. त्याच्या एका टोकाला पोट्टा उभा करायचा, दुसऱ्या टोकाला पोळी लाटायची. पोळी तव्यावर पडेपर्यंत उभा राहिला तर पास, पडला तर नापास. लाटायला सुरुवात करण्याआधी वहिनी त्याला दर वेळी सांगायच्या, “उभा राह्य गा बाबू.” माझा हात हलला तर मलाही सोडायच्या नाहीत. “भाऊजी, फोन काहून हालवून राहिले? पोट्ट्याआधी तुम्हीच नापास होसान.” प्रेक्षकांना हे फार आवडायचं, मला तेवढं नाही.

पक्के संग्राहक मात्र चिडायचे. डबा फोडू नका, सील तोडू नका, अशा सूचना यायच्या. वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं की वर्गाबाहेर बसलेल्या पोराचा निकाल मी कसा लावू. पास झालेले पोट्टे मुक्ताच्या काचेच्या कपाटात परत जायचे. नापास झालेले ओट्यावर, गॅसच्या बाजूला, मिठाच्या बरणीशेजारी भिंतीला टेकून बसायचे. मला वाटायचं ही शिक्षा आहे. एकदा तसं बोललो तर म्हणाल्या, “शिक्षा कायची? कच्च्या पोराले जवळ बसवा लागते.”

एका मे महिन्यात वहिनींच्या हातून चूक झाली आणि ती नागपुरातच होऊ शकते. हिरवीची नवी फिगर आली. डबा उघडला तर ही बाई कमरेत वाकलेली, जणू सासूच्या पाया पडते आहे. पोळीला हात लागायच्या आत कोसळली. वहिनींनी सणसणीत नापास केलं, बनवणाऱ्यांचे कानही उपटले. पाठोपाठ आलेला दुसरा पोट्टाही तसाच वाकडा निघाला, तेव्हा त्यांना शंका आली. पुढचं पार्सल आलं त्या दुपारी त्यांनी ते उघडण्याआधी खोक्यावर हात ठेवला आणि तव्यावर पडल्यासारखा मागे घेतला. मग काय केलं, तर चांगला पास झालेला कप्तान भर उन्हात गच्चीच्या कठड्यावर ठेवून दिला. आम्ही कूलरसमोर बसून राहिलो. उन्हं उतरायच्या आत कप्तानही गुडघ्यात ढिला. “त्या पोरीचा काही दोष नव्हता भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “आपलं ऊन होतं ते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन वर धरायला सांगितला. एवढ्या वर्षांत पडद्यावर त्यांचा चेहरा तेवढा एकदाच आला. माफी मागायची तर तोंड दाखवून, हाताआडून नाही, असं म्हणाल्या. हिरवीला त्यांनी कढत पाण्यात बुडवलं, मऊ झाल्यावर सरळ केलं आणि लगेच माठातल्या गार पाण्यात सोडलं. मग पोळी लाटली. हिरवी टिकली. शेवटी वहिनी कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या ते मला पाठ आहे. “कोणी पडला तर दोष कोणाचा हाय ते आधी पाहा लागते. निकाल मागून.”

आणि आचारी... पहिल्या सिनेमात तो अगदी थोडा वेळ दिसतो. यानाला चहूकडून घेरलंय, सगळे ओरडतायत, पळतायत, आणि हा बुटका माणूस पळी घेऊन सगळ्यांना वाढत फिरतो. एक शब्द बोलत नाही. कप्तानाच्या पंधरा तऱ्हा निघाल्या, टिनपाटाच्या निघाल्या, पण आचाऱ्याची फिगर काढावी असं कोणाला वाटलं नाही. वहिनींना या दुर्लक्षाचा राग होता, मनापासून राग. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं नाव स्नेहसंमेलनात घेतलं नाही म्हणून हेडमास्तरांशी भांडलेली बाई होती ती. मग प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी त्या विचारायला लागल्या, “हे झालं. आचारी कधी येणार?” बघणारेही तेच लिहायला लागले. वर्षानुवर्षं चाललं हे.

यंदा आचारी आला. त्याच सुमारास वहिनींचं पोटाचं दुखणं शेवटाला आलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ आम्हाला कळला होता, वहिनींना आमच्याही आधी. मुक्ता सुट्टी टाकून आली होती. वहिनींना खुर्चीत, पाठीला उशी लावून टेबलाशी बसवलं. डबा त्यांनी स्वतःच्या नखाने उघडला. आचारी तळहातावर घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मी फोन धरून होतो. मग भिंग मागितलं. एप्रनवरचे डाग मुद्दाम रंगवलेत, त्याचे पूर्ण गुण दिले. चेहरा थकलेला आहे पण वैतागलेला नाही, त्याचेही दिले. “पण पळीचा हात पुढं जास्त हाय,” त्या म्हणाल्या, “आणि बूट लहान. पोट्टा तोंडावर पडन असं वाटून राहिलं मले. पाहू.”

त्यांनी पोळपाट ओढला. लाटणं फिरलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, गोळ्यावर नुसता एक चर पडला. मुक्ता म्हणाली, आई, मी लाटते. “तुझी पोळी नाही होत वं, नकाशा होते,” वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो, हसता हसता मुक्ता उठून आत गेली. मी म्हटलं, वहिनी, पास म्हणून टाका, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. एवढ्या वर्षांच्या भांडणानंतर आलेल्या पोराला फुकट पास करायचं... “निकाल राखून ठेवला हाय,” त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, उद्या इतवारीतून हलकं लाटणं घेऊन या.”

तेच लाटणं घेऊन मी घरी परतलो.

दिवस झाले, पाहुणे गेले. व्हिडिओखाली लोक लिहीत होते की आजींसाठी आचाऱ्याला पास करा. बंगळुरूला परतल्यावर मुक्ताही फोनवर म्हणाली, “काका, आईसाठी म्हणून टाका ना पास. तिचा लाडका होता.” मी नाही म्हटलं. लाडका होता म्हणूनच नाही. पोळी लाटूनच निकाल लागेल आणि ती पोळी मी लाटेन. दुसरं कोण लाटणार? मुक्ता तिकडे, रेखाचा खांदा धरलेला, आमच्या पोळ्या बाई करून जाते. आणि प्रश्न विचारायला मी इतकी वर्षं होतो, तर उत्तरही मीच शोधायला हवं. हट्ट म्हणा. वहिनींच्या शेजारी राहून तेवढं तरी शिकलो.

पहिल्या दिवशी आचारी पोळीआधीच आडवा झाला. रेखा खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “पडला ना? सांगा नापास अन् मोकळे व्हा.” मी तोंड उघडलंही, आणि मला तो कठड्यावरचा कप्तान आठवला. वहिनींनी त्यालाही कढत पाण्यातून काढून सरळ केलं होतं आणि त्यानंतर तो कधी पडला नव्हता. तोच कपाटातून आणून आचाऱ्याच्या जागी उभा केला आणि पुन्हा लाटायला घेतलं. कप्तानही पडला. “अहो, पोळी लाटून राहिले का दगड फोडून राहिले?” रेखा म्हणाली. दोष कोणाचा ते कळलं. आचाऱ्याला डब्यात ठेवला आणि शिकायला बसलो.

रोज सकाळी खाली जातो, वहिनींच्या टेबलाशी बसतो. रेखा सोबत येते आणि ओरडते. मनगट सैल सोडा, लाटण्यावर लोंबू नका, कडा आधी. पोळ्या गायीला घालाव्या अशा व्हायच्या, गायही वास घेऊन मान फिरवायची. कप्तान रोज पडायचा. राग यायचा, स्वतःचा. नंतर अर्ध्या पोळीपर्यंत टिकायला लागला. मग एकदा पोळी तव्यावर गेली आणि मागे वळून बघितलं तर कप्तान ताठ. मी घाई केली नाही. तो रोज उभा राहायला लागेपर्यंत थांबलो, कारण वहिनींनी थांबायला लावलं असतं.

परवाच्या रविवारी फोन स्टँडला लावला. हातांवरच रोख ठेवला, माझ्या केसाळ हातांवर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कप्तान आणि आचारी शेजारीशेजारी. मी म्हटलं, “उभा राह्य गा बाबू,” आणि लाटायला घेतलं. हात हलका होता. इतवारीचं लाटणं फिरत होतं, पोळी वहिनींच्यासारखी गोल नाही पण पोळी म्हणावी अशी पसरत होती. कप्तान हलला नाही. आचारी आधी जरा डुलला, मग पळीच्या बाजूने झुकला आणि तोंडावर पडला... वहिनी म्हणाल्या होत्या तसाच.

मी उचलून पुन्हा ठेवला. दुसरी पोळी, तिसरी. कप्तान उभा, आचारी पडलेला. या वेळी ऊन नव्हतं, माझा हातही नव्हता.

“नापास,” मी म्हटलं. स्पष्ट म्हटलं, लोकांना ऐकू जाईल असं. रेखाने पदर डोळ्याला लावला. मग मी आचाऱ्याच्या अंगावरचं पीठ फुंकून झाडलं आणि त्याला ओट्यावर नेऊन, गॅसच्या बाजूला, मिठाच्या बरणीशेजारी भिंतीला टेकवून बसवलं.