वहिनींसाठी उजवीकडचं स्टिअरिंग

आज मी जो काही आहे तो माझ्या थोरल्या वहिनींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे, आणि त्यांनी माझी बरीच केलेली आहे.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी आठवीत होतो. वडील जिनिंग मिलमध्ये राखणदार. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वहिनी मात्र बारावी सायन्स होऊन आल्या होत्या, आणि पुढचं शिक्षण राहून गेल्याचा सगळा राग त्यांनी माझ्या भूमितीवर काढला. संध्याकाळी पोळपाटावरच्या पिठात त्या बोटानं त्रिकोण काढायच्या. "हा कोन सांगा भाऊजी, मग पोळी." मी चुकलो की पोळी दादाच्या ताटात जायची. दादा त्या वर्षी चांगलाच सुटला.

दहावीनंतर मला मिलमध्येच चिकटवायचं वडिलांनी ठरवलं. सासऱ्यांसमोर कधी न बोलणाऱ्या वहिनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी शिकतील." एवढंच. वडिलांनी मिलचा विषय पुन्हा काढला नाही. मी इंजिनीअर झालो, इकडे येऊन एम.एस. केलं, आणि आता ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहून तेलाच्या पाइपांवर किती ताण येतो ते मोजतो.

मुलं मोठी झाल्यावर वहिनी गाडी चालवायला शिकल्या. आमच्या गावात बाईनं गाडी चालवणं अजूनही बघण्यासारखं मानतात, त्यामुळे बघायला बरेच जण होते. एकटीनं गाडी बाहेर काढल्याच्या पहिल्याच दिवशी एक वासरू आडवं आलं. वासरू वाचलं. गाडी डेअरीच्या फाटकात घुसली. कॅन आडवे झाले, रस्ताभर दूध झालं, आणि गावातल्या कुत्र्यांनी वहिनींना मनापासून आशीर्वाद दिले. कुणाला लागलं नाही. पण नंतर कितीतरी दिवस लोक विचारायचे, "काय वहिनी, आज किती लिटर?" जन्मभर दुसऱ्यांची चेष्टा करणाऱ्या वहिनींना ही चेष्टा सोसली नाही. त्यांनी किल्ली खुंटीला टांगली ती टांगलीच. फोनवर मी विषय काढला की म्हणायच्या, "तुमच्याकडे आता थंडी असेल ना?" शुगर लँडच्या मे महिन्यात.

मी त्या वेळी गॅरेजमध्ये हॉट रॉड बांधत होतो. म्हणजे फार जुन्या गाडीचा सांगाडा आणायचा, त्यात मोठं इंजिन बसवायचं, आणि बाकीचं जे मिळत नाही ते स्वतः घडवायचं. माझ्या गाडीचं धूड उघडं, गोल आणि तांब्याच्या रंगाचं होतं, म्हणून बायको तिला घंगाळ म्हणायची. "घंगाळात पाणी कधी सोडायचं?" असं ती रोज विचारायची. इंजिन झालं, ब्रेक झाले. स्टिअरिंग तेवढं राहिलं होतं. आणि नेमकं तेव्हाच ठरलं की वहिनी महिनाभर आमच्याकडे येणार. एकट्याच, कारण दादाला म्हशी सोडून येता येत नव्हतं.

मी तेव्हा मनाशी पक्कं केलं की वहिनींनी या गाडीत बसून पुन्हा स्टिअरिंग हातात घ्यायचं. इथं त्यांना ओळखणारं कुणी नाही, आणि एकही डेअरी चालत जाण्याच्या अंतरावर नाही. पण त्या डावीकडे बसून चालवायला कधीच तयार होणार नाहीत, हेही मला माहीत होतं. म्हणून मी स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचं ठरवलं.

शेजारी एक निवृत्त दाताचे डॉक्टर राहतात. त्यांनी आयुष्यात अशा बऱ्याच गाड्या बांधल्यात, आणि वेल्डिंग मशीनही त्यांचंच. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "उजवीकडे? का, पोस्टात नोकरी धरलीस?" इथं पोस्टमनच्या गाड्यांनाच काय ते उजवीकडे स्टिअरिंग असतं. मी वहिनींबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नीट करायला हवं. तिच्यासमोर तुझी फजिती होता कामा नये."

स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला एक लोखंडी डबा असतो, तो स्टिअरिंग बॉक्स. त्यातून एक पोलादी हात बाहेर आलेला असतो, त्याला पिटमन आर्म म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवलं की हा हात झुलतो आणि एका लांब दांड्यानं पुढची चाकं ओढतो किंवा ढकलतो. माझ्याकडचा बॉक्स डावीकडे बसवायचा होता. मी तो पालथा करून उजवीकडे बसवला. त्यासाठी जाड पत्र्याचे ब्रॅकेट लागणार होते. त्यांचे नमुने मी आधी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांमधून कापले. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे कॉर्नफ्लेक्स पातेल्यात राहत होते. दांडी सायलेन्सरच्या पाइपाला चुकवून न्यायची, म्हणून तिला मधे दोन सांधे आणि एक बेअरिंग दिलं. पिटमन आर्मसाठी दाते पाडलेला तुकडा विकत मिळाला. त्याचा आकार मी स्वतः कापला, घासला, आणि दांड्याच्या टोकासाठी निमुळतं भोक पाडलं.

वेल्डिंग झालं की डॉक्टर घरून त्यांचा दात बघायचा छोटा आरसा आणि आकडा घेऊन यायचे. चासीच्या मागच्या अंगाला आरसा घालून, डोळे बारीक करून बघायचे. "इथं कॅव्हिटी आहे. खरवड आणि पुन्हा भर." एका ब्रॅकेटला तर त्यांनी रूट कॅनॉल सांगितलं, म्हणजे सगळं कापून पुन्हा करायला लावलं. मी चिडलो नाही. स्टिअरिंगचा जोड सुटला तर काय होतं ते मला कळतं.

वहिनी येण्याच्या आदल्या दिवशी मी शेवटची तपासणी केली. गाडी स्टँडवर उचललेली, बायको स्टिअरिंगवर, मी चाकं बघायला गाडीच्या समोर जमिनीवर पालथा.

"डावीकडे फिरव!"

तिनं फिरवलं. चाकं डावीकडे वळली.

"आता उजवीकडे!"

चाकं उजवीकडे वळली. कुठं घासत नव्हतं, कुठं अडत नव्हतं. मी उठलो आणि आनंदानं बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, "आधी ग्रीस पूस."

वहिनी आल्या. विमानतळावर पहिलं वाक्य, "भाऊजी, पोट सुटलंय. तुमच्या दादांची पोळी पण तुम्हीच खाता वाटतं." घरी आल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये घंगाळाभोवती एक फेरी मारली. उजवीकडचं स्टिअरिंग त्यांनी बघितलं, मला खात्री आहे. पण विचारलं ते एवढंच, की इथं मेथी कुठं मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली. वहिनी ड्राइव्हवेच्या कडेला खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या, बायको कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होती. हे झाड तिनं काडीएवढ्या रोपापासून वाढवलेलं, थंडीत घरात नेऊन जपलेलं. मी इंजिन सुरू केलं. गल्ली दणाणली. मी वहिनींकडे बघून हात केला, जरा रुबाबातच, आणि माणूस चालतो त्या वेगानं गाडी पुढे सोडली. रस्ता डावीकडे होता. मी डावीकडे वळवलं.

गाडी उजवीकडे निघाली.

मी आणखी डावीकडे वळवलं. गाडी आणखी उजवीकडे. बायको ओरडून बाजूला झाली, मी ब्रेक दाबला, पण तोवर कुंडी आडवी होऊन फुटली होती आणि कढीपत्ता बंपरवर डोकं टेकून पडला होता.

इंजिन बंद केल्यावर फार शांत झालं. मग आवाज आला तो वहिनींचा. त्या हसत होत्या. मेथीची परात मांडीवरून घसरली, तरी हसत होत्या. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊजी, अहो, माझी गाडी निदान मी वळवली तिकडे तरी गेली होती!"

मी गाडीतून खाली उतरलो.

"मी डावीकडे वळवली, ती डावीकडे गेली. तिथं फाटक होतं, तो फाटकाचा दोष. पण तुमची ही तर..." पुढचं त्यांना बोलता येईना.

बायको मातीत बसून मुळं चाचपत होती. ती हसू दाबत म्हणाली, "ताई, यांना काही बोलू नका. एम.एस. आहेत."

डेअरीच्या फाटकाचं नाव वहिनींच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आवाज ऐकून डॉक्टर आले. काय झालं ते त्यांना लगेच कळलं. बॉक्स पालथा केला की त्याचं झुलणंही पालथं होतं. हे कळायला एम.एस. लागत नाही. मला तरीही कळलं नव्हतं.

"पण मी तपासलं होतं," मी म्हणालो. "ती डावीकडे फिरवत होती आणि चाकं डावीकडेच जात होती."

"तू कुठं उभा होतास?"

"पालथा होतो. समोर."

डॉक्टरांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "मित्रा, मी आयुष्यभर लोकांच्या समोर तोंड करून काम केलं. त्यांची डावी दाढ ती माझ्या उजव्या हाताला. हे एकदा विसरलं की चांगला दात जातो."

मी वहिनींना मराठीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणाल्या, "यांना विचारा, भूमिती शिकवतात का. मला तुमच्यापुढे हात टेकावे लागले होते."

दुरुस्ती तशी समजायला सोपी होती. पुढे तोंड असलेला पिटमन आर्म काढून, मागे तोंड असलेला नवीन करायचा, म्हणजे झुलणं पुन्हा सुलटं होतं. पण त्याच्याबरोबर ब्रॅकेट सरकवायचे, दांडा नव्यानं कापायचा, आणि कॅव्हिट्या पुन्हा भरायच्या. वहिनींची परतीची तारीख जवळ येत होती. मी ऑफिसातून आलो की थेट गॅरेजमध्ये. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि शेजारी बसून गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. त्यात आता फाटकही यायचं, प्रत्येक वेळी थोडं मोठं होऊन. शेवटी शेवटी तर त्यांनी ते वासरू बैलाएवढं केलं होतं.

पुन्हा तपासणीची वेळ आली तेव्हा बायको मुद्दाम कुंडीपाशी जाऊन उभी राहिली. नवी कुंडी, जुनंच झाड. ते जगलं होतं.

"मी नाही बसणार," ती म्हणाली. "माझ्या डाव्या-उजव्यावर कुणाचा विश्वास नाही."

"मग कोण बसेल?"

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला, साडी सावरली आणि स्टँडवरच्या गाडीत चढून बसल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मी या वेळी समोर नाही, त्यांच्या मागे उभा राहिलो.

"डावीकडे, वहिनी."

"माझी डावी की तुमची?"

"तुमची."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि फिरवलं. चाकं डावीकडे वळली. आमच्या सगळ्यांच्या डावीकडे.

नंतर एका सकाळी, मी स्वतः बऱ्याच फेऱ्या मारून खात्री करून घेतल्यावर, आम्ही चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. परवानगी डॉक्टरांनी घेतली होती. वहिनी उजवीकडे, मी त्यांच्या शेजारी. पहिल्या वळणाला त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. दुसऱ्याला त्यांनी मला सांगितलं की मी उगीच ब्रेक मारतो आहे, आणि माझ्या पायाखाली ब्रेक नाहीच, हेही सांगितलं. मग त्या गोल गोल फिरत राहिल्या. मी म्हणालो, "वहिनी, पुरे आता. ऊन झालं." त्या म्हणाल्या, "कोन सांगा, मग थांबते."

त्या परत गेल्यानंतर मी त्यांना पाठवलेलं पत्र खाली देतो. फोन रोजच होतो, पण काही गोष्टी फोनवर सांगितल्या की वहिनी मधेच हसतात आणि माझं राहून जातं.

ती. वहिनी,

नमस्कार. कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे. तुमची जाऊ म्हणते की त्याला धक्का मानवला.

दादाचा फोन आला होता. म्हणाला, तुम्ही खुंटीवरची किल्ली काढली, गाडीवरची धूळ पुसली, थेट डेअरीपर्यंत गेलात, फाटकासमोर उभं राहून जोरात हॉर्न वाजवलात आणि परत आलात. डेअरीवाला आतून धावत आला म्हणे, कॅन आत घ्यायला. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तुम्हाला शाबासकी कळवली आहे.

वहिनी, तुम्ही दारात येऊन "भाऊजी शिकतील" म्हणालात, त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. इतकी वर्षं वाटायचं, एखादं चांगलं काम करून दाखवीन, मग बोलेन. काम केलं, तर ते उलटं निघालं. आणि तुम्हाला उपयोग झाला तो त्या उलट्याचाच. तेव्हा आता थांबत नाही. तुम्ही त्या दिवशी दारात आला नसतात तर मी आज मिलच्या फाटकावर बसलेलो असतो, आणि तेही तुमच्या गाडीच्या वाटेत.

समोरून बघितलं की डावं उजवं होतं, हे तुम्ही मला पिठात शिकवलंच असणार. त्या दिवशी पोळी दादानं खाल्ली असेल.

तो चुकलेला पिटमन आर्म वेगळ्या पार्सलनं पाठवला आहे. पापड वाळत घालाल तेव्हा कापडाच्या कोपऱ्यावर ठेवा, वाऱ्यानं उडणार नाही. त्याला भोक आहे, पण किल्ली अडकवायला तो वापरू नका. पार्सल जड आहे, पोस्टमन सायकलवर आणणार नाही. पोस्टात जाऊन घ्यावं लागेल. पोस्ट डेअरीच्या पुढे आहे, हे मला माहीत आहे. दादाला पाठवू नका.

तुमचा,
धाकटा दीर