मी लिहून दिलेली नजरचूक

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी पगारपत्रकं करायचो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. माझ्या हस्ताक्षरातला एक कागद तिथल्या फायलीत अजून असेल. ‘पगारपत्रक करताना माझ्या नजरचुकीने बत्तीस कामगारांच्या फंडाची कपात राहून गेली,’ असं त्यात लिहिलं आहे. ते खोटं आहे.

हे बत्तीसजण वर्षानुवर्षं ठेकेदाराकडे राबून नुकतेच कायम झाले होते. त्यांचा पहिला पगार करताना आमच्या खात्याच्या साहेबांनी मला बोलावलं. "यांचा फंड एवढ्यात कापू नकोस. हातात जास्त पडतील, माणसं खूश राहतील." कामगाराचं कापलं की कंपनीलाही आपला वाटा भरावा लागतो, हे मला ठाऊक होतं. एकदा विचारून पाहिलं. "मी बसलोय ना?" ते म्हणाले. चौदा महिने मी तो रकाना कोरा सोडला.

त्या बत्तिसांत सावर्ड्याचा माझा शाळासोबती होता. त्याचा धाकटा भाऊही होता. कंपनीची बस माझ्या गावाहून सुटायची. मी खिडकीशी बसून शेजारी डब्याची पिशवी ठेवायचो आणि सावर्ड्याला मित्र चढला की ती मांडीवर घ्यायचो. नोकरी पक्की झाली तसं त्याने रस्त्यालगत, भावाच्या घराशेजारी घर बांधायला काढलं होतं. चिऱ्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. बसमधून रोज दिसायच्या.

मग फंडाच्या ऑफिसातून तपासणी आली. साहेबांनी केबिनचं दार लावून मला नियम समजावला. वेळेवर न कापलेला कामगाराचा वाटा मागाहून त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो कंपनीने भरायचा. सूट एकच: कारकुनाची खरोखरची चूक असेल, तर फंडाच्या तपासनिसाची लेखी परवानगी घेऊन कापता येतो.

"म्हणजे त्यांच्याकडून कापणार?"

"छे रे. दंड कमी व्हावा म्हणून कागद हवा. पैसे कंपनी भरेल. माझा शब्द."

या माणसाने माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं होतं. मी लिहून दिलं.

दोन महिन्यांनी त्यांनी माझ्या टेबलावर यादी ठेवली. चौदा महिन्यांची कपात, सहा हप्त्यांत, बत्तीसजणांच्या पगारातून. मी केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"वरून आलंय. आणि चूक तूच लिहून दिलीयस. माझं नाव कुठे आहे त्यात?"

आवाज चढला नाही, की नजर खाली गेली नाही. पाणी मागावं तसं बोलले. मी टेबलाशी परत आलो आणि कपात भरली.

पैसे ज्याच्या त्याच्या फंडाच्या खात्यातच गेले, हे खरं. पण मित्राच्या चिऱ्यांच्या गाड्या थांबल्या. पावसाळाभर त्या अर्ध्या भिंतींवर निळं प्लास्टिक फडफडत होतं.

पहिला हप्ता कापलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या वाटल्या, त्यांवर ‘कारकुनाची नजरचूक’ असं कारण होतं. त्या संध्याकाळी बसमध्ये धाकटा उभा राहिला. "काय पगारमास्तर, चौदा महिने झोपला होतात? एकाची नजरचूक समजू शकतो. बत्तिसांची? हा साहेबाला विकला गेलाय!"

मित्र उठला. "तोंड सांभाळ. शाळेपासून ओळखतोय मी ह्याला. माणूस चुकतो."

"दादा, तुला विकून खाईल हा."

मित्राने भर बसमध्ये भावाच्या कानाखाली दिली. मी डब्याची पिशवी घट्ट धरून बसून राहिलो.

घर दोन वर्षांनी पुरं झालं. दोन्ही आवारांमधल्या गडग्यात, दगडी कुंपणात, जाण्यायेण्यापुरती फट होती. उरलेले चिरे मित्राने त्या फटीत रचले. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. वास्तुशांतीला मी त्या घरात जेवलो, धाकटा नव्हता. पुढे कितीदा चहाला गेलो. दर वेळी मित्र म्हणायचा, "त्याने एकदा तुझी माफी मागू दे, मग मी बोलेन." दर वेळी मी चहाच्या कपात पाहायचो.

सतरा वर्षं गेली. गेल्या महिन्यात मित्राचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं. काका पायजे म्हणून हटून बसलीय पोरगी. रविवारी ये. तो तुझी माफी मागायला तयार झालाय."

मी गेलो. धाकटा रस्त्याने वळसा घालून आला. केस पिकलेले. ओटीवर माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडायला लागला. "पगारमास्तर, तेव्हा मी जे बोललो..."

"ते खरं होतं," मी म्हणालो. मग साहेबांचा हुकूम, बंद दार, कागद, सगळं सांगितलं. बोलताना मी साहेबांकडेच जास्त बोट दाखवतोय हे माझ्याच लक्षात आलं, तेव्हा थांबलो.

धाकट्याने जोडलेले हात सोडले.

"वास्तुशांतीला जेवलास तू इथे," मित्र म्हणाला.

तो उठून गडग्याशी गेला आणि फटीतला वरचा चिरा काढायला लागला. या वयात एकट्याला तो हलेना. धाकटा गेला आणि त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला. मीही उठलो, दोन पावलं गेलो.

"तू नको," मित्र मागे न बघता म्हणाला.