मावशींचा गळा

आमच्या पाळणाघरातल्या मावशींना एकच गाणं येतं, आणि तेही येतं असं म्हणायला मन मोठं हवं. सुरुवात टिपेला होते, मधेच सूर जिना उतरून कुठेतरी निघून जातो आणि शेवटची ओळ मावशी त्याच्याशिवायच उरकतात. शब्द रोज नवे. "नीज रे राजा, भांडी घासली, पंखा लावला, पडदा ओढला..." पण दुपारी त्यांनी तोंड उघडलं की ओळीने घातलेल्या गाद्यांवर पोरं पटापट आडवी होतात. शेवटच्या ओळीपर्यंत जागं राहिलेलं मूल मावशींनी अजून पाहिलेलं नाही.

याचा त्यांना कोण अभिमान! नवी आई मूल घेऊन आली की नाव विचारण्याआधी सांगतात, "काळजी नको ताई. देवाने गळा दिलाय." आणि तो गळा जपायचा म्हणून भर उन्हाळ्यातही मफलर.

आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे. रविवारी दुपारी घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. आठवडाभर ऑफिसात राबल्यावर मला एक झोप हवी असते. याहून मोठी महत्त्वाकांक्षा आता उरलेली नाही. म्हणून मी मावशींचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं. लावलं मात्र, चिरंजीव ताडकन उठले आणि बूट घेऊन दाराशी जाऊन बसले.

हे सांगितलं तर मावशी फणकारल्या. "त्या डबड्यात गळा मावतोय होय? रविवारी मी स्वतः येते."

आल्या. मफलर सोडला, घसा खाकरला आणि सुरू झाल्या. दोन ओळी होतात न होतात तोच हा पुन्हा बूट घेऊन दाराशी.

"अरे, कुठे निघालास?" मी विचारलं.

"गाणं लागलं. आता आई येणार."

"मग मी कोण?"

त्याने मला नीट न्याहाळलं. "तू नाही. घ्यायला येते ती."

पाळणाघरात आधी गाणं, मग झोप, आणि उठलं की आई. हे मावशींच्या माझ्याआधी लक्षात आलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. इतक्या वर्षांची पुण्याई दाराशी बूट धरून बसली होती. कुठून यांना सांगायला गेले, असं मला झालं.

मग त्यांनी पदर खोचला. "ताई, पर्स घ्या, चपला घाला आणि बाहेर व्हा."

"माझ्याच घरातून?"

"व्हा म्हणते ना!"

मी जिन्यात उभी राहिले. समोरचे आजोबा "भांडण झालं का?" म्हणून आपुलकीने चौकशी करून गेले. आत मावशी पहिल्यापासून गात होत्या. गाणं संपलं तशी मी बेल दाबली. दार उघडताच "आई आली!" करत त्याने अशी मिठी मारली, जणू मी वर्षभराने परत आले होते. खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपलासुद्धा.

"मावशी, जादू आहे हो तुमच्या गळ्यात," मी हळूच म्हटलं. त्यांची समजूत घालायला हवी होती.

"गळ्यात काय डोंबल! पोरं मेली तुमची वाट बघतात." त्या झोपलेल्या पोराकडे बघत राहिल्या. "तुम्हाला यायला उशीर झाला ना ताई, की संध्याकाळी हा एकटाच राहतो, आणि सारखं 'मावशी गा, मावशी गा' म्हणून मागे लागतो. मी आपली गाते. मला वाटायचं, पोरगं रसिक आहे."