आप्पांचं सेशन

भुताखेतांचं मला कधीच काही वाटलं नाही... खरं सांगायचं तर घाबरायलाही फुरसत नव्हती. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ऊसनोंदणीचं जावा सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळायचो. दौंडहून जीपमध्ये कोंबून यायचं, दिवसभर पडलेला सर्व्हर उठवायचा, परत जीप. पार पिट्टा पडला होता.

नोंदणीला आप्पा म्हणून जुने क्लार्क होते. फॉर्म भरायचे, पण शेतकऱ्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सेव्ह करायचे नाहीत. "मान्सानं ऐकल्याबिगर नोंद कसली?" त्यामुळे त्यांचे फॉर्म तासन्‌तास उघडेच. मी वैतागायचो. एका दुपारी असाच फॉर्म उघडा ठेवून ते घरी जेवायला गेले, छातीत कळ आली आणि संपलं.

पंधरा दिवसांनी लॉगिनच्या यादीत त्यांचं नाव दिसलं. यात नवल नाही — सर्व्हर बंद होताना उघडी सेशन्स, म्हणजे कोण आत आहे आणि त्याचं काय अर्धवट राहिलंय ते, फाईलमध्ये लिहून ठेवतो, चालू झाला की परत वाचतो. सिरियलायझेशन म्हणतात त्याला. पण अर्धा तास कुणी हात लावला नाही तर सेशन आपोआप मरतं. हे जिवंत होतं. फाईल उडवली, रीस्टार्ट केलं... आप्पा. त्यांचं अकाउंट काढलं... आप्पा. शेवटी मशीन फॉरमॅट करून सगळं नव्याने टाकलं. तरी आप्पा.

कंटाळून सेशनमध्ये काय आहे ते उघडून पाहिलं. त्या दुपारचाच उघडा राहिलेला फॉर्म. सुभद्राबाई, मांडवगण फराटा, एक एकर ऊस. नोंदणीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नोंद नाही तर तोडणीची पाळी नाही, बाईंचा ऊस रानातच वाळला असता. मी निरोप धाडला.

सकाळी बाई आल्या. "आप्पा म्हणले व्हते, मी बोलावतो मग या. म्हून आले न्हाई."

"मावशी, आप्पा गेले."

"ठावं हाय. वाचा तुम्ही."

मोठ्याने वाचलं. गट नंबरावर त्यांनी थांबवलं. "ह्यो न्हाई, ह्यो दिराचा हाय." दुरुस्त केलं, सेव्ह केलं. बाई गेल्यावर माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी आप्पांवर उगाच चिडत होतो.

यादीतून त्यांचं नाव गेलं होतं. का, ते आजही मला सांगता येत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये शेवटची ओळ होती — आप्पा, लॉगआउट. ते बटण मी दाबलं नव्हतं. आणि आप्पांनी तर नोकरीत एकदाही दाबलं नव्हतं.