माकडहाड

माझ्या जिभेला हाड नाही, असं खालापुरात माझ्या माहेरी सगळेच म्हणायचे. लग्न होऊन दहिवलीला निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, सासऱ्यांपुढे जपून बोल गं बाई, माणूस देवभोळा आहे आणि तापटही आहे. मी जपलंसुद्धा. मग एका संध्याकाळी उत्क्रांतीचा धडा आला आणि माझं जपणं संपलं.

मी घरच्या ओटीवर दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. ओटीच्या दुसऱ्या टोकाला मामा, म्हणजे माझे सासरे, स्कूटरच्या ट्यूबवर बसलेले असत. मारुतीच्या देवळावर नवा झेंडा लावताना ते घसरून पायरीवर आपटले होते. तेव्हापासून अर्धवट हवा भरलेल्या त्या ट्यूबशिवाय त्यांना बसवत नसे. त्या संध्याकाळी मी मुलांना सांगत होते, की माणूस काही आजच्या माकडापासून झालेला नाही. चिंपांझी, गोरिला आणि आपण भाऊबंद. आज सातबारे वेगळे, पण खूप मागं गेलं की खापरपणजोबा एकच. आणखी मागं गेलं की शेपटीवाली माकडंही त्याच घराण्यातली.

"कोनाचा खापरपणजा?" मामा तिकडून ओरडले. "आमच्या आज्याला माकड म्हनतेस? ह्या मातीत नांगर धरलाय त्यानं!"

मुलं फिदीफिदी हसली, आणि तेच वाईट झालं. मी म्हणाले, "अहो मामा, आज्याला नाही. त्याच्या कितीतरी मागच्या…"

"मागचा असो नायतर फुडचा. ह्या घरात माकड हा शब्द पुन्ना नको."

पुढं कितीतरी दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मला राग आला होता आणि हसूही येत होतं, पण दोन्ही गिळलं.

मग मला दिवस गेले. पाचवा महिना असताना, गणपती उरकल्यावर, आम्ही दोघं कोंडाण्याला गेलो. लेण्यांपर्यंत चढायचं नव्हतंच, गावापुढच्या ओढ्याशी बसलो. समोरच्या झाडावर माकडीण होती, पोटाला पिल्लू. तिनं या झाडावरून त्या झाडावर अशी काही उडी घेतली की मी नवऱ्याचा दंडच धरला. पिल्लू पडलं नाही. हातांनी तर धरलं होतंच, पण पायांनीही आईचे केस घट्ट धरले होते. मी नवऱ्याला म्हणाले, "आपलंही असंच धरेल बघा. तान्ह्या पोराच्या पायाच्या बोटांखाली बोट दाबलं ना, की ते बोटं मुडपून धरायला बघतं. आईच्या अंगावर केस होते तेव्हाची सवय आहे ती." ते म्हणाले, "बाबांसमोर बोलू नकोस." आम्ही दोघंही हसलो.

पौषात कर्जतच्या दवाखान्यात मुलगा झाला. नर्सबाई त्याला पुसत होत्या, तोंडानं अखंड बडबड चालली होती. त्यांनी त्याला पालथं केलं आणि बडबड थांबली. मी विचारलं, "काय झालं?" मी कोपरावर उठले तेव्हा दिसलं. कमरेच्या खाली, अगदी मधोमध, करंगळीएवढं, मऊ, गुलाबी शेपूट.

डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी बसल्या. म्हणाल्या, क्वचित असतं असं, घाबरू नका. काढता येतं, पण आधी आत ते कशाला जोडलंय ते बघावं लागेल. त्याच्या पायांवर लक्ष ठेवा. पायांवर का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, आणि तो बहुधा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असेल.

घरी सासूबाईंनी पहिल्यांदा न्हाऊ घातलं आणि मामांना हाक मारली. मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले. ढसाढसा रडले हो! "मारुतीराया आला," म्हणाले. "माज्या घरात आला." आणि वळून माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं, की खरं सांगते, मला बरं वाटलं. चहाचं भांडण मिटलं, असं वाटलं.

पण शनिवार उजाडला आणि माणसं यायला लागली. आधी गल्लीतली, मग नदीपलीकडची, मग ओळख ना पाळख अशी. रुईच्या माळा, तेल, नारळ. माझ्या पोराला पालथं घालायचं, दुपटं बाजूला करायचं आणि बायकांनी तिथं डोकं टेकायचं. तो बिचारा दूध पीत असला तरी ओढून न्यायचे. मागच्या दारी त्याच बाया कुजबुजत, पोटुशी असताना माकडं बघाय गेलेली ना, दुसरं काय होनार? पुढच्या दारी देव आणि मागच्या दारी डाग! माझा नुसता जळफळाट व्हायचा. आणि एक गंमत सांगते. आपल्याकडे कुठलंही तान्हं पोर घ्या, आजी-आजोबा त्याला लाडानं माकडा म्हणतातच. आमच्या घरात ती हाक कुणी मारायची नाही. सासूबाईंच्या तोंडून एकदा "आलं गं माझं मा…" एवढं निघालं, तर मामांनी डोळे वटारले.

पायाचं पहिल्यांदा मला कळलं. तेल चोळताना मी सहज त्याच्या उजव्या पायाच्या बोटांखाली बोट दाबलं. त्यानं बोटं मुडपून धरलं. डाव्या पायाला दाबलं. काही नाही. तो हसत होता, हात नाचवत होता, उजवा पाय झाडत होता, आणि डावा पाय नुसता पडून होता. मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. मग रोज बघायला लागले.

नवऱ्याला दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. लस टोचायला नेतो असं सांगून आम्ही त्याला पनवेलला नेऊन मणक्याची तपासणी करून घेतली आणि तिचे कागद घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथले मणक्याचे डॉक्टर तुटक बोलणारे होते, पण त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जू खाली शेपटीच्या मुळाशी अडकलाय. पोर जसं वाढेल तसा तो ताणला जाणार. डावा पाय तेच सांगतोय. गेलेली ताकद परत येईलच असं नाही. पण थांबलात तर दुसरा पायही जाईल, लघवीवरचा ताबाही जाईल. त्यांनी दाखल व्हायचा दिवस दिला. तो चुकला तर पुढचा पावसाळ्यानंतर.

दिवस होता हनुमान जयंतीचा.

आणि मामांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, की यंदा सूर्योदयाला मारुतीच्या पाळण्यात माझा नातू असणार.

"तुम्ही सांगा बाबांना," मी नवऱ्याला म्हणत होते. ते म्हणायचे, सांगतो. उद्या सांगतो. जरा त्यांचा मूड बघून सांगतो. खोपोलीच्या कारखान्यात साहेबाशी भांडणारा माणूस, पण बापापुढे उभा राहिला की मांजर! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. इकडे जयंतीचा ताशा कडाडला तरी माझ्या पोराचा डावा पाय दचकत नव्हता. शेवटी आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि एक शब्द न बोलता उठून गेले. ओरडले असते तर मला सोसलं असतं.

सकाळी झुंजुमुंजू होत होतं. देवळातला स्पीकर सुरू झाला होता. भाड्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, नवरा पिशव्या घेऊन तिच्यापाशी. मी पोराला छातीशी धरून ओटीवर आले, तर ओटीच्या बाहेरच्या दारात मामा. अंघोळ करून धोतर नेसलेले, एका हातात रुईची माळ, दुसऱ्या हातात शेंदराची वाटी. चौकटीच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकून उभे.

"पोर इकडं दे."

"मामा, आम्हाला निघायचंय."

"गाव खोळंबलंय. देवाची शेपटी कापाय चाललीस? वाटोळं होईल ह्या घराचं. देव तारी त्याला कोन मारी? पाय काय, तो देईल पाय!"

नवरा तिकडून "बाबा…" एवढंच म्हणाला. मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पोराला घ्यायला हात पुढं केले. त्या हातांना मी तोवर कधी घाबरले नव्हते. त्या क्षणी घाबरले, आणि घाबरले म्हणूनच माझं तोंड सुटलं.

"मामा, ह्याच ओटीवर तुमच्या आज्याच्या आज्याला माकडाचा भाऊबंद म्हटलं, तर घराची अब्रू गेली! आणि नातू माकड निघाला तर झांजा वाजवता? आजा माकड चालत नाही आणि नातू चालतो?"

"तोंड आवर!"

"नाही आवरत! ही ट्यूब कशाला लागते तुम्हाला? पडलात तेव्हा काय मोडलं? सांगा ना, काय मोडलं?"

आतून, उंबऱ्याच्या पलीकडून, सासूबाई हळूच म्हणाल्या, "माकडहाड."

"तेच! शेपटीचं मूळ. तुम्हाला आहे, मला आहे, सगळ्यांना आहे. आईच्या पोटात प्रत्येक पोराला शेपूट फुटतं आणि जिरतं. तुमचं जिरलं, याचं राहिलं. ना यात लाज, ना चमत्कार. पण आतली दोरी अडकलीय मामा, आणि माझ्या पोराचा पाय जातोय!" माझा आवाज फाटला. मी दुपटं सोडलं आणि त्याचे दोन्ही पाय त्यांच्यापुढं केले. "बघा. तुमच्या हातानं बघा. बोट लावा."

ते मारतील असं मला वाटलं. त्यांनी बोट लावलं. उजव्या पायाच्या बोटांखाली दाबलं, आणि पोरानं लगेच धरलं. मामांच्या तोंडावर जरासं हसू आलं. मग त्यांनी डाव्या पायाला बोट लावलं. थांबले. पुन्हा लावलं. जरा जोरानं दाबलं. मग अंगठ्यानं तळवा चोळला, गार पडलेलं अंग चोळतात तसा. बोटांना शेंदूर होता, तो तळव्याला लागला. पाय हलला नाही. पोर आजोबांकडे बघून खुदकन हसलं.

गल्लीतून गाडीचा हॉर्न वाजला. मामा दारातून बाजूला झाले.

"काचंला फडकं लाव," ते म्हणाले. "ऊन लागंल त्याला."

नंतर नवऱ्याच्या मित्राकडून कळलं. मामा देवळात गेले, दरसालासारखा पाळण्यात नारळ ठेवला आणि जन्म केला. पोर कुठाय म्हणून कुणी विचारलं तर म्हणाले, आजारी हाय, दवाखान्यात नेलंय. एवढंच.

इस्पितळात शस्त्रक्रियेला नेण्याआधी नर्स त्याला पुसत होती. डाव्या तळव्याचा शेंदूर काही केल्या जाईना, तिनं विचारलं हे काय. मी म्हटलं, आजोबांचं बोट आहे. मग दार बंद झालं. त्या दाराबाहेर मी ज्यांना देव मानते त्या सगळ्यांना आणि ज्यांना मानत नाही त्यांनाही नवस बोलून घेतले. विज्ञान शिकवते म्हणून काय झालं!

रज्जू सुटला, असं डॉक्टर म्हणाले. पायाचं काय? बघू, म्हणाले. वाट बघायची.

घरी आलो. माणसं यायची बंद झाली. जिथं बायका डोकं टेकायच्या तिथं आता टाक्यांची रेघ होती. मामांनी तिच्याविषयी अवाक्षर काढलं नाही, माझ्याशी तर बोलणंच नाही. पण रोज सकाळी चहा झाला की ट्यूबवर बसायचे, पोराला मांडीवर घ्यायचे आणि त्याच्या डाव्या पायाच्या बोटांखाली आपलं बोट धरून बसायचे. समोर पेपर उघडा, आम्हाला वाटावं वाचतायत. वैशाख गेला, ज्येष्ठ लागला. पाय तसाच. मी बघणं सोडून दिलं होतं. बघायला धीर होत नव्हता.

शाळा सुरू झाल्या आणि शिकवणीला नवी मुलं आली. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते, मागून आवाज आला.

"अगं…"

मी वळले. मामा बोटाकडे बघत होते. डाव्या पायाची बोटं त्यांच्या बोटाला हळूच टेकली होती. मुडपलेली होती. सुटली. मग पुन्हा मुडपली आणि या वेळी घट्ट बसली.

"अगं, इकडं या सगळी!" मामा ओरडले. त्यांचा आवाज बायकी झाला होता. "पायानं धरतंय बघा! माकड हाय गं माकड! माजं माकड!"

सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. मुलं हसायला लागली. मी फळ्याशी उभी राहून रडत होते, खडू हातातच होता. मामांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"सोड रं माकडा," ते म्हणाले, पण बोट काही काढून घेतलं नाही.