सोनेरी कडांची पुस्तकं

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. लोकांच्या तोंडात खोटे दात बसवण्यात चाळीस वर्षं गेली. त्यामुळे हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मला कोणी शिकवायला नको. पुढे सांगणार आहे ते माझ्या बायकोबद्दल आहे. लाज मात्र माझी आहे.

आमची ही लग्नाआधी एका छापखान्यात बांधणी खात्यात होती. दिवसभर छापून आलेल्या मोठ्या कागदांना, म्हणजे फर्म्यांना, घड्या घालायच्या, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. तिच्या उजव्या अंगठ्याला अजून घट्टा आहे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिनं एकच विचारलं, "वाचता का काही?" मी म्हटलं, "रोज." त्या एका शब्दावर होकार दिला, असं ती नंतर मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.

थाप मारायला अक्कल लागत नाही, निभावायला लागते. मी चामडी बांधणीतली अभिजात पुस्तकं जमवू लागलो. दर महिन्याला टपालानं एक यायचं. दाणेदार चामडं, पाठीवर सोनेरी अक्षरं, तिन्ही कडांना सोनेरी मुलामा, आत खुणेची रेशमी रिबीन. अशी एकशे बारा झाली. पाहुणे आले की मी काचेच्या कपाटासमोर हात मागे बांधून उभा राहायचो आणि एखाद्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणायचो, "ह्याचा शेवट काही मला पटला नाही." शेवट न पटायला पुस्तक वाचावं लागत नाही. तेवढ्यात ही चहा ठेवायला आत जायची.

तिला हात लावायची परवानगी फक्त पुसण्यापुरती. "तेलकट हात लागतील," असं मी बजावायचो. ती बिचारी वाचनालयातून पानं सुटलेली पुस्तकं आणायची आणि परत देण्याआधी शिवून, डिंक लावून द्यायची. फुकटची हमाली, म्हणून मी तिला चिडवायचो.

गेल्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली. तिसऱ्या दिवशी दुपारी, डोळ्यावर पट्टी घेऊन बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, तुमच्या कपाटातलं एखादं वाचून दाखवा ना. तुमचं सगळ्यात आवडतं."

'तीनदा वाचलंय' अशी फुशारकी ज्याच्याबद्दल मारायचो, ते जाडजूड पुस्तक मी ऐटीत काढलं. मधोमध उघडलं, आणि पानं चरचरली. मुलाम्यानं कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. पहिल्यांदा उघडताना त्या पाचोळ्यासारख्या वाजतात. हे मला त्या क्षणी कळलं. तिला बांधणी खात्यात लागल्यापासून, वयाच्या सतराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

माझे कान तापले. "हवा दमट आहे ना," मी म्हणालो. इतकं फालतू वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

"एकदम नका उघडू, पाठ मोडेल," ती शांतपणे म्हणाली. "पुढची थोडी पानं, मग मागची थोडी, असं करत मध्ये या. अंगठ्यानं हलकेच दाबायचं."

मी तसं करू लागलो. पान न् पान माझी चुगली करत होतं. शेवटी मी हात थांबवला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. बांधणारा रिबीन आत दुमडून ठेवतो, वाचणारा ती बाहेर काढतो. एकाही पुस्तकाखाली टोक दिसत नव्हतं. दर आठवड्याला पुसते ना मी."

"मग बोलली का नाहीस? मी कामावर गेल्यावर तू तरी वाचायचीस!"

"फार वाटायचं हो. दोनदा तर हातात घेऊन बसले होते. पण एकदा कडा सुटल्या की पुन्हा चिकटत नाहीत. मी उघडलंय हे तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. मग तुम्हाला माझ्यासमोर मान वर करता आली नसती."

मी खाली मान घालून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. अडखळत, शाळेतल्यासारखं. ती ऐकत होती.

माझ्या लक्षात आलं असतं म्हणे! वाचत नाही, पण निदान पुस्तकांच्या कडांचं एवढं तरी मला कळत असेल, असं तिनं धरलं होतं. तिनं एकशे बाराच्या एकशे बारा वाचून काढली असती, तरी मला पत्ता लागला नसता. हे तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.